डाव्या हाताचं रिव्हॉल्व्हर

माझं शेवटचं पोस्टिंग पूर्व अफगाणिस्तानातल्या एका छोट्या तळावर होतं. मी अमेरिकन आर्मीत मिलिटरी पोलीस होते. हुद्दा सार्जंट. काम गेटवरचं. येणारी प्रत्येक गाडी थांबवायची, माणसं उतरवायची, झडती घ्यायची, मग आत सोडायची किंवा परत पाठवायची. उन्हाळ्यात धूळ, हिवाळ्यात चिखल, बाकी काही बदलायचं नाही. एका सकाळी आम्ही भाजीचा ट्रक थांबवला आणि त्यातला बॉम्ब फुटला. गेटवर पाच जण होतो. तिघे गेले.

माझ्या उजव्या हाताच्या नसा आणि दोन बोटांचे स्नायू तुटले. डाव्या मनगटात धातूची पट्टी बसवावी लागली. सर्जन म्हणाला, "हात वाचला. पकड परत येईल असं मी सांगणार नाही." त्याने खरं सांगितलं होतं. आज मी उजव्या हाताने चहाचा कप उचलते, पण बरणीचं झाकण उघडत नाही. आर्मीने मेडिकल रिटायरमेंट दिली. आईबाबा इलिनॉयमध्ये, नेपरव्हिलला. तिथल्या थंडीत मनगट ठणकायचं, म्हणून मी ॲरिझोनात चँडलरला घर घेतलं. तिथे एकटी राहत होते आणि बरी होते.

हे लिहायला इथल्या मराठी मंडळातल्या वैद्य काकूंनी लावलं. गेल्या वर्षी माझ्या घरी जे झालं त्यानंतर मंडळातले बरेच जण मला गाठून विचारतात, कुठलं रिव्हॉल्व्हर घेऊ, कुठली गोळी घेऊ. काकू म्हणाल्या, "एकदा नीट लिहून काढ. अर्धवट ऐकून लोक दुकानात जातात." म्हणून लिहिते आहे. मी कदम, मूळची कराडची. बाराव्या वर्षी इकडे आले. मराठी तेवढ्या वयाचं आहे, सांभाळून घ्या.

सुरुवात काकूंपासूनच झाली. एका रविवारी त्या नीरजाला घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. नीरजा अठ्ठावीस वर्षांची, पुण्याची. तिकडे सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची, लग्न करून इकडे आली. नवरा निखिल, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याला सगळे ओळखायचे. मंडळाच्या गणपतीत साउंडची सगळी व्यवस्था तो बघायचा, म्हाताऱ्यांना खुर्च्या आणून द्यायचा. नीरजाच्या गळ्यावर ओढणी होती. तिने ती काढली नाही. काढायची गरज नव्हती.

"हिला थोडे दिवस ठेवशील?" काकूंनी विचारलं.

"आत या," मी म्हटलं.

नीरजाने कोर्टातून प्रोटेक्टिव्ह ऑर्डर घेतली. निखिलने तिच्या जवळपास यायचं नाही, असा तो हुकूम. एका पहाटे त्याची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिसली. पोलीस येईपर्यंत गेली होती. पुढच्या आठवड्यात परत दिसली. पोलीस ऑफिसर सज्जन होता. तो म्हणाला, "मॅम, आम्ही येऊ. पण आम्ही येईपर्यंतचा वेळ तुमचा आहे."

तो वेळ कसा भरायचा हे ठरवणं माझं काम होतं. आधी दारं. पुढच्या दाराला लांब स्क्रू, मागच्या सरकत्या काचेच्या दाराला आडवी दांडी. मग जागा. शेवटच्या बेडरूममध्ये पलंगाच्या पलीकडे दोघींनी बसायचं. त्या खोलीच्या दाराच्या रेषेत पुढे फक्त गॅरेजची भिंत आहे, शेजाऱ्यांचं घर नाही. मग फोन. नाइन वन वन नीरजाने लावायचा, पत्ता आधी सांगायचा, बाकी नंतर. आणि सगळ्यात शेवटी शस्त्र.

"ताई, घरात बंदूक नको," नीरजा म्हणाली.

"का?"

"तो ती हिसकावून घेईल. किंवा तुम्ही चुकाल."

दोन्ही भीती बरोबर होत्या. मी म्हटलं, "मग हिसकावता येणार नाही अशा जागी बसू. आणि चुकणार नाही इतकी प्रॅक्टिस करू. तरी नको वाटलं तर सांग."

ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, "लॉकबॉक्समध्ये ठेवणार असाल तर चालेल. आणि टेस्टिंग मी बघणार."

माझी अडचण सांगते, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांची तीच आहे. कुणाला संधिवात, कुणाचं वय झालेलं. ऑटोमॅटिक पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचायला दोन धड हात लागतात. माझ्याकडे एकही पूर्ण नाही. मोठ्या गोळीच्या रिव्हॉल्व्हरचा धक्का माझ्या मनगटातल्या पट्टीवर बसतो. पहिली गोळी नेमकी लागते, दुसरीच्या वेळी हात आधीच आखडलेला असतो. म्हणून मी रिमफायरकडे वळले. रिमफायर म्हणजे ट्वेंटी टूची बारीक काडतुसं. यांत पेट घेणारं द्रव्य काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं. धक्का नावापुरता. पण कडेत ते द्रव्य सगळीकडे सारखं बसलंच असेल याची खात्री नसते. हॅमर, म्हणजे मागची छोटी हातोडी, आदळतो आणि कधीकधी नुसता टक् आवाज होतो. मोठ्या काडतुसांपेक्षा हे जास्त वेळा होतं. ज्याला हे माहीत नाही त्याने ट्वेंटी टूवर विसंबू नये.

चँडलरच्या दक्षिणेला वाळवंटात नेमबाजीची एक रेंज आहे. ती वॉल्ट नावाचा माणूस चालवतो. सत्तरीचा, एकेकाळचा मरीन सैनिक. एकदा सांगितलेलं तो दुसऱ्यांदा सांगत नाही. त्याने काउंटरवर दोन रिव्हॉल्व्हर ठेवली. एक ॲल्युमिनियमचं, खिशात विसरून जावं इतकं हलकं, ट्वेंटी टू मॅग्नमचं. दुसरं स्टीलचं, जड, साध्या ट्वेंटी टू लाँग रायफलचं. दोन्हींची नळी आखूड.

"मॅग्नम घे, कदम," वॉल्ट म्हणाला. "ताकद जास्त."

"आधी मारून बघते."

मॅग्नमची ताकद खरी आहे. पण ती मुळात रायफलच्या लांब नळीसाठी. आखूड नळीत दारू जळायच्या आत गोळी बाहेर पडते, उरलेली दारू तोंडाशी जळते. मोठा जाळ आणि कान फाडणारा आवाज. उघड्या रेंजवर, कानांवर आवाज अडवणारे मफ असताना मी दचकले. बंद खोलीत, अंधारात, मफशिवाय काय होईल ते मला सांगायची गरज नव्हती. त्यात शस्त्र हलकं. हलक्या शस्त्राला ट्रिगर जड पडतो, बोट ओढता ओढता सगळी नळीच खाली वळते. पहिली गोळी कागदावरच्या आकृतीच्या मधोमध. दुसरी खांद्यावर. तिसरी कागदाबाहेर.

स्टीलच्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगरही जडच होता. रिमफायरला हॅमर जोरात आदळावा लागतो, त्याला इलाज नाही. पण त्याचं वजनच त्याला जागेवर धरून ठेवत होतं. आठही गोळ्या माझ्या तळहाताएवढ्या जागेत गेल्या. डाव्या हाताने.

वॉल्टने कागद पाहिला. "हॅमर आधी मागे ओढून ठेव. मग ट्रिगर हलका होतो."

"आणि माझा हात थरथरत असेल तेव्हा?"

"हं," तो म्हणाला. तो विषय तिथे संपला. हॅमर ओढून ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरला नुसता स्पर्श पुरतो. मनात नसताना गोळी सुटू शकते. घरात दुसरा माणूस असेल तर तसं करू नये.

मग काडतुसं. इथे नीरजाने ताबा घेतला. घरून ती दह्याचे रिकामे डबे घेऊन आली होती, प्रत्येक जातीच्या काडतुसाला एक. न पेटलेलं काडतूस त्या डब्यात. मी एक खोका संपवला आणि म्हटलं, "हे चांगलं आहे."

"सॅम्पल साइज फार लहान आहे, ताई. अजून मारा."

"बोट दुखतंय."

"मग उद्या येऊ."

आम्ही महिनाभर येत राहिलो. मोठ्या डब्यातली स्वस्त, सुटी काडतुसं सगळ्यात वाईट निघाली, त्यांचा डबा खुळखुळायला लागला. चांगल्या बनावटीची टणक, टोकाला पोकळी नसलेली गोळी जवळपास प्रत्येक वेळी पेटली. पोकळ टोकाची गोळी शरीरात शिरल्यावर फुलते, असं खोक्यावर छापलेलं असतं. वॉल्टने मांसाच्या जागी जिलेटिनचा ठोकळा मांडला, पुढे जीन्सच्या कापडाचे थर लावले. आखूड नळीतून सुटलेली पोकळ गोळी एक तर फुललीच नाही, नाही तर उथळ जागी फुलून थांबली. टणक गोळी सरळ खोल गेली. मॅग्नम आणखी थोडी खोल गेली, ते मी नाकारत नाही. ज्याचं मनगट धड आहे आणि जो तो आवाज सोसून दुसरी गोळी नेमकी मारू शकतो, त्याने मॅग्नम घ्यावी. मी स्टीलचं घेतलं, टणक गोळीसाठी.

नीरजाला अजून एक कल्पना सुचली. ती माझ्याकडे पाठ करून सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं चाक, भरायची आणि मधेच एखाददुसरी वापरलेली रिकामी पुंगळी घालायची. कुठे घातली ते मला माहीत नसायचं. मी ट्रिगर ओढायची, टक्. रेंजचा नियम असा की टक् झालं तर नळी निशाणाकडे धरून थांबायचं, कारण एखादं काडतूस उशिरा पेटतं. आम्ही घरातल्या प्रसंगासाठी वेगळी सवय लावत होतो. टक् झालं की लगेच पुन्हा ओढायचं. रिव्हॉल्व्हरचा हा मोठा गुण. सिलिंडर फिरतो, नवीन काडतूस पुढे येतं, दुसरं काही करावं लागत नाही. फक्त मन थांबता कामा नये. पहिल्या दिवशी माझं मन थांबलं. मी शस्त्राकडे बघत बसले.

"ताई, परत," नीरजा मागून म्हणाली.

पुढे पुढे तिला ते म्हणावं लागलं नाही.

निखिल आला तो दिवस ऑगस्टचा होता. दुपार कलली होती. सगळ्यांच्या फोनवर धुळीच्या वादळाचा इशारा वाजला. इथे ते वादळ भिंतीसारखं येतं, मैलभर उंच, तपकिरी. मी स्वयंपाकघरात होते, नीरजा डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. उजेड आधी पिवळा झाला, मग विझल्यासारखा. लाइट गेले. वाऱ्याने सगळं घर भरलं. त्या आवाजात मागची काच फुटल्याचा आवाज वेगळा ओळखू आला.

"नीरजा, मागे."

ती पळाली नाही. चालत गेली, ठरवल्याप्रमाणे. मी मागून गेले, बेडरूमचं दार लावलं, कडी घातली. लॉकबॉक्स उघडला. आम्ही पलंगाच्या पलीकडे गुडघ्यांवर बसलो. तिचा फोन लागला होता. पत्ता, मग नाव, मग "माझ्या नवऱ्यावर कोर्टाची ऑर्डर आहे, तो घरात शिरलाय."

फोनवरची बाई शांत होती. "ऑफिसर निघाले आहेत. धुळीमुळे वेळ लागतोय. लाइनवर राहा."

पॅसेजमध्ये पावलं. काच चुरडत होती.

मी मोठ्याने म्हटलं, "निखिल, तिथेच थांब. माझ्या हातात रिव्हॉल्व्हर आहे. परत जा."

त्याचा आवाज दाराला लागून आला. चढलेला नव्हता. "ताई, तुम्ही मध्ये पडू नका. आमच्या घरातली गोष्ट आहे. तिला बाहेर पाठवा."

"परत जा."

"मी तुमचा मान ठेवतो, ताई. तुम्ही पण ठेवा."

"दार उघडलंस तर मी गोळी घालीन."

त्याने दारात लोखंड घातलं. टायर बदलायची लांब पहार होती ती. इथल्या घरांतली आतली दारं पोकळ असतात. दोन घावांत कडीजवळचं लाकूड फुटलं आणि दार भिंतीवर आपटलं. तो उंबऱ्यात उभा होता, केसांत धूळ, पहार वर. नजर माझ्याकडे नव्हती. तो नीरजाकडे बघत पलंगाकडे आला.

मी ट्रिगर ओढला. गोळी सुटली. तो थांबला नाही. ट्वेंटी टूची गोळी माणसाला मागे ढकलत नाही. सिनेमात बघितलेलं विसरून जा. त्याला ती कमरेच्या वर लागली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की तो अजून येतोय.

मी पुन्हा ओढला. टक्.

पुन्हा ओढला. गोळी सुटली. त्याचा डावा पाय दुमडला आणि तो पलंगाच्या पायथ्याशी बसला. पहार हातातच होती.

"टाक ती."

त्याने माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं.

"टाक."

पहार फरशीवर पडली. मी ट्रिगरवरून बोट काढलं. सिलिंडरमध्ये गोळ्या शिल्लक होत्या. त्या मारायचं कारण उरलं नव्हतं.

मांडीतून रक्त येत होतं. झिरपत नव्हतं, उसळत होतं. तसं रक्त मी आधी पाहिलेलं आहे. ते तुम्हाला किती वेळ देतं ते मला ठाऊक आहे, आणि बाहेर अजून सायरन नव्हता. लॉकबॉक्सच्या शेजारी माझी मेडिकल पिशवी असते. तिच्यात टर्निकेट असतं, रक्त थांबवायचा पट्टा आणि तो पिळायची दांडी. दांडी पिळायला पकड लागते. माझा डावा हात रिव्हॉल्व्हरवर होता. उजवा असून नसल्यासारखा.

"नीरजा, पिशवीतून टर्निकेट काढ. मी सांगते तसं लाव."

ती उठली नाही. ती त्याच्याकडे बघत होती. फोनमधून बाई विचारत होती, काय झालं, कुणाला लागलंय का. वारा तसाच चालू होता. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. हा हुकूम द्यायचा मला अधिकार नव्हता. त्या माणसाने तिचा गळा धरला होता, माझा नाही.

नीरजाने फोन स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवला. पिशवी उघडली. मी बाजूला सरकले, शस्त्र त्याच्यावर, त्याच्या हातांवर नजर. ती त्याच्या पायाशी बसली.

"जांघेजवळ. वर, अजून वर. पट्टा ओढ. आता दांडी पिळ."

तिने पिळली. तो ओरडला आणि तिचं मनगट धरायला गेला.

"हात खाली," मी म्हटलं.

त्याच वेळी नीरजा म्हणाली, "हलू नकोस." आवाज न चढवता. त्याने हात खाली घेतला. मला वाटतं, त्या लग्नात तिने त्याला दिलेला तो पहिला हुकूम असावा.

"अजून पिळ," मी म्हटलं. "रक्त थांबेपर्यंत. आता दांडी खाचेत अडकव."

रक्त थांबलं. पोलीस आले तेव्हा मी रिव्हॉल्व्हर फरशीवर ठेवून हात वर केले होते. नीरजाने केले नव्हते. तिचे दोन्ही हात अजून त्या दांडीवर होते. ते एका ऑफिसरला हळूच सोडवावे लागले.

निखिल जगला. पाय वाचला, थोडा लंगडतो असं ऐकलं. पोलिसांनी माझी चौकशी केली, रिव्हॉल्व्हर पुरावा म्हणून नेलं, घरभर फोटो काढले. नाइन वन वनच्या रेकॉर्डिंगवर सगळं होतं. वकिलाने आधीच बजावलं होतं, "गोळी कायदेशीर असली तरी पुढचे सहा महिने तुझे नाहीत." तसंच झालं. माझ्यावर खटला झाला नाही. निखिलने गुन्हा कबूल केला, तो तुरुंगात आहे. मंडळातले काही जण अजून म्हणतात की प्रकरण बोलून मिटलं असतं. काकू त्यांच्याशी बोलत नाहीत. मी बोलते. बोलून झालं होतं, असं सांगते.

तेव्हा विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं. तुमच्या हातात बसेल ते घ्या, दुकानदाराच्या हातात बसतं ते नको. निवडलेलं काडतूस भरपूर मारून बघा आणि तेच भरा. ट्वेंटी टू दगा देणार, हे धरून चाला. आणि गोळी सुटल्यानंतरचं काम शिकून घ्या, ते गोळीपेक्षा लांब चालतं. घरात कुणी नको म्हणत असेल तर आधी त्याचं ऐका.

नीरजाला आता स्वतःचा वर्क परमिट मिळाला आहे, तिने ॲपार्टमेंट घेतलं आहे. दर शनिवारी जेवायला येते. एकदा भाकरी थापता थापता तिने विचारलं, "ताई, तुमच्या हाताला तिकडे टर्निकेट कुणी लावलं होतं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आईनेही नाही. मी गॅस बारीक केला आणि सांगितलं.

ते लावलं स्टाफ सार्जंट साल्सेडोने. टेक्सासचा, दोन मुलींचा बाप. ट्रक फुटल्यावर मी गेटच्या खांबाशी पडले होते. तो रांगत माझ्यापर्यंत आला, माझ्या दंडावर पट्टा ओढला, दांडी पिळली आणि मी ओरडले तेव्हा म्हणाला, "ओरड, कदम. ओरडतेयस ते चांगलं आहे." मग त्याने रेडिओवर हेलिकॉप्टर मागवलं. किती जखमी ते सांगितलं. त्या आकड्यात त्याने स्वतःला धरलं नव्हतं. त्याच्या बगलेखाली, बुलेटप्रूफ जाकिटाची कड संपते तिथे, बॉम्बचा तुकडा शिरला होता. रेडिओ खाली ठेवून तो वाळूच्या पोत्यांना टेकला. हेलिकॉप्टर आलं तेव्हा तो गेलेला होता.

गेलेली दुसरी, स्पेशालिस्ट हुद्द्याची हॅना ब्रॉड, ट्रकच्या सगळ्यात जवळ होती. बावीस वर्षांची. ड्रायव्हरच्या हातांकडे बघून आम्हाला मागे हटायला तीच ओरडली. तिसरा ओकाफोर, प्रायव्हेट म्हणजे साधा शिपाई, त्याला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्याचा आवाज चांगला होता. भल्या पहाटेच्या ड्यूटीला तो चर्चमधली गाणी हळू आवाजात म्हणायचा, आणि कुणी त्याला गप्प बस म्हणत नसे.

"नावं परत सांगा," नीरजा म्हणाली.

मी सांगितली. साल्सेडो. ब्रॉड. ओकाफोर. तिने ती माझ्यामागून एकेक करून, नीट उच्चार करून म्हटली.